एक्स-रेमध्ये धमन्या दिसायला लागतात तेव्हा

साध्या एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसत नाहीत. हाडं पांढरी दिसतात, हवा काळी, आणि मधलं सगळं करडं, त्या करड्यातच स्नायू, धमन्या, शिरा सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. म्हणून तर अँजिओग्राफीला डाय सोडावा लागतो. मी एक्स-रे आणि सीटी विभागात काम करते, आणि सगळ्यात अस्वस्थ करणारा फोटो कुठला असं कोणी विचारलं तर मी मोठं फ्रॅक्चर सांगणार नाही, गाठ पण नाही. मी तळहाताचा फोटो सांगेन. मनगट दुखतंय म्हणून काढलेला, हाडं बऱ्यापैकी ठीक, पण बोटांच्या कडेने दोन-दोन बारीक पांढऱ्या समांतर रेघा गेलेल्या, कुठलाही डाय न सोडता. त्या रेघा म्हणजे धमनीच्या भिंती. त्यात इतकं कॅल्शियम साठलंय की त्या हाडासारख्या उमटतात. वय बघावं तर पेशंट 35-40 चा, आणि फॉर्मच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, डायलिसिस चालू आहे.

आज याच विषयावर लिहायचंय, कारण किडनीच्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. त्यांना क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारं टाकाऊ द्रव्य) पाठ असतं. मागच्या महिन्यात किती होतं, या महिन्यात किती, पॉइंट दोनने वाढलं की अख्ख्या घराची झोप उडते. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांचा विषय काढला की "त्याचं काय, ईसीजी नॉर्मल आहे" एवढ्यावर विषय संपतो. खरं तर क्रॉनिक किडनी डिसीजच्या पेशंटचा जीव बहुतेक वेळा किडनीमुळे जात नाही, हृदयामुळे जातो, आणि कितीतरी जण डायलिसिसच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर किंवा अचानक हृदय बंद पडून जातात. 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 11 लाखांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात स्पष्ट दिसलं की ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज देणारा आकडा) 60 च्या खाली गेला की हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका वाढायला लागतो आणि पुढे प्रत्येक पायरीला वाढतच जातो. म्हणजे हा शेवटच्या टप्प्यातला त्रास नाहीये, डायलिसिसचं नावही कोणी काढलेलं नसतं तेव्हापासूनचा आहे.

आता यात दोन वेगवेगळे आजार एकत्र आहेत आणि ते वेगळे समजून घेतले नाहीत तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. एक म्हणजे अथेरोस्क्लेरॉसिस, जो सगळ्यांना माहीत आहे, धमनीच्या आतल्या अस्तरात कोलेस्टेरॉल, सूज, पेशी साठून प्लाक तयार होतो, आतली जागा अरुंद होते, प्लाक फुटला की गुठळी आणि अटॅक. किडनीच्या आजारात हा जोरात आणि लवकर होतो, कारण अंगात सूज सतत चालू असते, रक्तात साठलेली टाकाऊ द्रव्यं अस्तराला इजा करतात, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी होतं आणि जे उरतं ते पण नीट काम करत नाही. गंमत म्हणजे वाईट म्हणतात ते एलडीएल बऱ्याचदा नॉर्मलच येतं, मग पेशंटला वाटतं आपलं कोलेस्टेरॉल छान आहे.

दुसरा आजार धमनीच्या मधल्या थरातला. तिथे गुळगुळीत स्नायूंच्या पेशी आणि लवचिक तंतू असतात, तिथेच कॅल्शियम बसतं, आतली जागा अरुंद न होता. योहान मोंकेबर्ग या जर्मन पॅथॉलॉजिस्टने 1903 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याच्या नावानेच ओळखतात. डायबेटिसमध्ये होतो, म्हातारपणी होतो, आणि किडनीच्या आजारात प्रचंड होतो. एक्स-रेवर दोन्ही वेगळे ओळखता येतात बऱ्यापैकी. अस्तरातला असेल तर तुकड्या-तुकड्याने, वेडावाकडा, कुठे आहे कुठे नाही. मधल्या थरातला असेल तर सरळ, सलग, दोन समांतर रेघा. फ्रान्समधल्या जेरार लंडन यांच्या गटाने 2003 मध्ये डायलिसिस पेशंटच्या कंबर-मांडीच्या साध्या एक्स-रेवरूनच हा फरक केला होता आणि दाखवलं होतं की दोन्ही प्रकारांत मृत्यूचा धोका जास्त असतो, अस्तरातल्यात सगळ्यात जास्त, पण मधल्या थरातला पण निरुपद्रवी अजिबात नाही. त्याआधी बरीच वर्षं मधल्या थरातल्या कॅल्शियमला कोणी फारसं गांभीर्याने घेत नव्हतं, जागा तर अरुंद होत नाही ना, मग काय बिघडलं असं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते हे कॅल्शियम तिथे येतं कसं याबद्दल. बहुतेक लोकांच्या मनात चित्र असतं ते पाणी तापवायच्या भांड्याला आतून क्षाराचा पांढरा थर बसतो तसं. रक्तात कॅल्शियम-फॉस्फरस जास्त झालं, मग ते भिंतीवर जमा झालं. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो, "काही गोळी देऊन विरघळवता येत नाही का?" हे चित्र अपुरं आहे आणि त्यामुळेच चुकीच्या अपेक्षा तयार होतात. खरं काय होतं तर धमनीच्या भिंतीतली स्नायूची पेशी स्वतःचं काम सोडून देते आणि हाड बनवणाऱ्या पेशीसारखी वागायला लागते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता आणि अजूनही येतो. फॉस्फेट (रक्तात फॉस्फरस याच रूपात असतो) जास्त झालं की पेशीच्या पृष्ठभागावरच्या पिट-1 नावाच्या दारातून ते आत शिरतं, आत रन्क्स-2 नावाचा जीन चालू होतो, हा जीन खरं तर हाडांच्या पेशींचा, पेशी आकुंचन पावायचे प्रोटीन बनवणं कमी करते आणि हाडातले प्रोटीन बनवायला लागते, छोट्या-छोट्या पुड्या बाहेर सोडते आणि त्या पुड्यांमध्ये पहिले स्फटिक तयार होतात. स्फटिक कुठले, तर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, तेच जे हाडांत आणि दातांत असतं. 2000 मध्ये प्रयोगशाळेत माणसाच्या धमनीच्या पेशी जास्त फॉस्फेटमध्ये वाढवून हे दाखवलं गेलं. म्हणजे भिंतीतली जिवंत पेशीच हाड बनवायचं काम हातात घेते, आणि जे बनतंय ते घासून काढता येण्यासारखं उरत नाही.

आणि उलटा प्रश्न पण तितकाच महत्त्वाचा, की तुमच्या-माझ्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट कायम इतकं असतं की ते कुठेही घट्ट होऊन बसू शकतं, मग बसत का नाही? कारण शरीराने पहारा ठेवलाय. लिव्हरमधून येणारं फेट्युइन-ए हे प्रोटीन रक्तातले बारीक स्फटिक धरून ठेवतं, वाढू देत नाही. पायरोफॉस्फेट स्फटिक तयार होण्यालाच अडथळा आणतं. आणि धमनीच्या भिंतीत एमजीपी म्हणजे मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन असतं. 1997 मध्ये ज्या उंदरांमध्ये हा एमजीपीचा जीन काढून टाकला ते उंदीर दोन महिन्यांच्या आत मेले, धमन्या कॅल्शियमने कडक होऊन फुटल्या. फॉस्फरस वाढवला नव्हता, फक्त पहारा काढला होता. किडनीच्या आजारात नेमकं हेच दोन्ही बाजूंनी होतं, फॉस्फेटचा भार वाढतो आणि पहारेकरी पण कमी पडतात. सूज असली की फेट्युइन कमी होतं. एमजीपीला काम करायला व्हिटॅमिन के लागतं, आणि डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं. वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी व्हिटॅमिन केचंच काम अडवते, म्हणून किडनीच्या पेशंटमध्ये वॉरफेरिन देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. (कृपया हे वाचून कोणी स्वतःहून वॉरफेरिन बंद करू नका, कृत्रिम झडप असेल तर ती गोळी जीव वाचवतेय. विचारा, बंद करू नका.)

आता फॉस्फरसचं रिपोर्टवर काय दिसतं ते बघा, कारण इथे खूप जण फसतात. रक्तातला फॉस्फरस नॉर्मल म्हणजे साधारण 2.5 ते 4.5. किडनी निम्म्याहून कमी चालत असली तरी हा आकडा बरीच वर्षं नॉर्मलच राहतो. कसा राहतो? हाडांमधून एफजीएफ-23 नावाचं हार्मोन जास्त सुटायला लागतं, ते उरलेल्या किडनीला सांगतं की जास्त फॉस्फेट बाहेर टाक, आणि सोबत पॅराथायरॉइड हार्मोन म्हणजे पीटीएच पण वाढतं. आकडा नॉर्मल ठेवायला शरीर आतून किती ओढाताण करतंय हे त्या एका रिपोर्टमध्ये दिसतच नाही. वर या ओढाताणीची किंमत असते. एफजीएफ-23 खूप वाढलं की हृदयाचा डावा कप्पा जाड व्हायला मदत होते, व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप कमी बनतं, पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं ठिसूळ होत जातात आणि त्याच वेळी धमन्या हाडासारख्या होत जातात. एकाच पेशंटच्या एकाच फोटोत मला दोन्ही दिसतं, मणके फिकट, पातळ, आणि त्यांच्या पुढ्यातून जाणारी महाधमनी पांढरीशुभ्र. असा फोटो स्क्रीनवर आला की दोन मिनिटं काही सुचत नाही.

यात वय किती कमी असू शकतं हे पण सांगायला हवं. 2000 साली अमेरिकेत 7 ते 30 वयाच्या डायलिसिस पेशंटचा सीटीवरून अभ्यास झाला होता. 20 च्या आतल्या 23 जणांपैकी एकाच्याही हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम नव्हतं. 20 ते 30 मधल्या 16 पैकी 14 जणांच्या होतं. त्याच वयाच्या निरोगी 60 जणांत फक्त 3 जणांच्या. आणि ज्यांचं नंतर पुन्हा स्कॅन केलं त्यांचा कॅल्शियमचा स्कोअर साधारण 20 महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाला होता. छोटा अभ्यास आहे मान्य, पण ज्या वयात बाकीची मुलं कॉलेज आणि नोकरीच्या मागे असतात त्या वयात ही वेळ, मी तरी हे आकडे विसरू शकत नाही.

मग कडक धमनीने नेमकं होतं काय? महाधमनी लवचिक असते तेव्हा हृदय आकुंचन पावलं की ती थोडी फुगते, काही रक्त स्वतःत साठवते आणि हृदय सैल पडलं की ते रक्त हळूहळू पुढे ढकलते. त्यामुळे वरचं बीपी फार चढत नाही आणि खालचं फार पडत नाही. कडक झाली की वरचं 170-180 आणि खालचं 60, असं बीपी दिसायला लागतं. वरच्या आकड्यामुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, तो जाड होतो. खालच्या आकड्याचं तर कोणी मनावरच घेत नाही, पण हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं त्या वेळात, म्हणजे खालचं बीपी जितकं पडेल तितकं हृदयाचंच रक्त कमी. जाड झालेल्या हृदयाला जास्त रक्त हवं आणि मिळतंय कमी. एकही मोठं ब्लॉकेज नसताना हृदय उपाशी राहू शकतं ते असं. आणि म्हणूनच डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये नेहमीच्या हार्ट अटॅकपेक्षा अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू जास्त असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर एकदा मधला गॅप दोन दिवसांचा असतो, त्यानंतरच्या दिवशी धोका सगळ्यात जास्त, हे 2011 मध्ये मोठ्या आकडेवारीतून दिसलंय, कारण पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठलेलं असतं आणि हे असं ताठ, जाड हृदय तो ताण झेलू शकत नाही. डायलिसिसची एक वेळ चुकवणं म्हणजे हाच गॅप आणखी वाढवणं, एवढं कृपया लक्षात असू द्या.

कडक धमन्यांमुळे तपासण्या पण फसवतात. पायात रक्तपुरवठा ठीक आहे का बघायला घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करतात, 0.9 च्या खाली आलं तर ब्लॉकेजचा संशय. पण धमनी इतकी कडक असेल की पट्ट्याने दाबलीच जात नाही, तर आकडा 1.4 च्या वर येतो आणि कागदावर झकास दिसतो. प्रत्यक्षात त्या पायाला जखम भरत नसते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायचं असतं, तिथल्या बारीक धमन्या सहसा कमी कडक असतात. डायबेटिस आणि किडनी दोन्ही असलेल्या माणसाच्या पायावर जखम असेल आणि कोणी म्हणालं की घोट्याचा आकडा चांगला आहे, तर अंगठ्याचं प्रेशर मोजलं का हे नक्की विचारा.

सर्जरीतही तेच. फिस्टुला करायला हाताची धमनी आणि शीर जोडतात, धमनी कडक असेल तर टाका घालायलाच अवघड, आणि जोडली तरी फिस्टुला हवा तसा वाढत नाही. किडनी ट्रान्सप्लांटआधी आमच्याकडे कमरेचा सीटी करायला पेशंट येतात, डाय न देता. नवीन किडनी कमरेतल्या इलियाक धमनीला जोडतात, आणि सर्जनला बघायचं असतं की क्लॅम्प लावायला आणि टाका घालायला मऊ जागा शिल्लक आहे का. डोनर मिळालेला असतो, घरचे बाहेर बसलेले असतात, आणि मी स्क्रीनवर एकेक स्लाइस पुढे सरकवत मऊ तुकडा शोधत असते. रिपोर्ट देणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट देतात, पण डोळे तर बघतातच. कधी जागा सापडते, कधी एका बाजूला नाही पण दुसऱ्या बाजूला सापडते, आणि कधी कुठेच सापडत नाही.

उपचारांबद्दल बोलू. पहिला प्रश्न नेहमी स्टेंटचा. ब्लॉकेज आहे ना, मग उघडून टाका. 2020 मध्ये इस्केमिया-सीकेडी नावाचा अभ्यास आला, किडनी खूप खराब झालेले 777 पेशंट, हृदयाचा आजार पण स्थिर असलेला. अर्ध्यांना आधीच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना फक्त औषधं. तीन वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट अटॅक एका बाजूला 36.4 टक्के, दुसऱ्या बाजूला 36.7. काहीच फरक नाही. ज्यांना अटॅक आलाय, छातीत दुखणं वाढत चाललंय त्यांच्यासाठी हा अभ्यास नाही, त्यांनी तातडीने हॉस्पिटल गाठायचं. आणि किडनीच्या पेशंटला छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागणं, विनाकारण थकवा, डायलिसिस चालू असताना सारखं बीपी पडणं, हे पण हृदयाचं असू शकतं. पण स्थिर पेशंटला नुसतं ब्लॉकेज दिसतंय म्हणून स्टेंट टाकून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि मधल्या थराच्या कडकपणाला तर स्टेंट हात पण लावत नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची गोष्ट पण याच वळणाची. डायलिसिसवरच्या डायबेटिसच्या पेशंटना अ‍ॅटोर्वास्टॅटिन देऊन बघितलं, 4डी नावाचा अभ्यास, 2005. मग रोसुवास्टॅटिन, ऑरोरा नावाचा अभ्यास, 2009. एलडीएल झकास उतरलं, पण जे मोजायचं होतं त्यात, म्हणजे हृदयाने होणारे मृत्यू, अटॅक आणि स्ट्रोक, खात्रीचा फायदा दिसला नाही. 2011 मध्ये शार्प नावाचा अभ्यास आला, त्यात 9,000 हून जास्त पेशंट होते, दोन तृतीयांश डायलिसिसवर नसलेले, सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमिब, तिथे अथेरोस्क्लेरॉसिसचे मोठे झटके 17 टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं, अस्तरातला आजार जोवर मुख्य आहे तोवर स्टॅटिन काम करतं, आणि धमन्या हाडासारख्या झाल्यावर, हृदय जाड झाल्यावर कोलेस्टेरॉल उतरवून फार काही हाती लागत नाही. म्हणून मार्गदर्शक सूचनाही तशाच आहेत, डायलिसिसच्या आधी 50 च्या पुढच्या वयात स्टॅटिन द्या, आधीपासून चालू असेल तर डायलिसिसवर गेल्यावर बंद करू नका, पण डायलिसिसवर असताना नव्याने सुरू करायची सरसकट घाई नको. थोडक्यात वेळ महत्त्वाची.

फॉस्फरसवर येते, इथे पेशंटच्या स्वतःच्या हातात खूप आहे. एक साधा हिशोब सांगते. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 ते 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, आठवड्यात तीनदा म्हणजे फार तर 3000. आणि रोजच्या खाण्यातून साधारण 1000 मिलिग्रॅम पोटात जातो, त्यातला 60 टक्के जरी शोषला गेला तरी आठवड्याचे 4200 होतात. हिशोब जुळतच नाही. फॉस्फरस बहुतेक हाडांत आणि पेशींच्या आत बसलेला असतो, मशीन रक्तातला काढते, मग तो आतून हळूहळू बाहेर येतो, त्यामुळे डायलिसिस संपल्यावर काही तासांत आकडा परत चढतो. रात्रभर चालणाऱ्या लांब डायलिसिसमध्ये जास्त निघतो ते यामुळेच. बाकीच्यांना उरलेला फरक खाणं आणि फॉस्फेट बाइंडर (अन्नातला फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी) या दोनच गोष्टींनी भरून काढावा लागतो.

आणि बाइंडर म्हणजे जेवणासोबत घ्यायची गोळी. जेवणाआधी एक तास नाही, रात्री झोपताना बाकीच्या गोळ्यांबरोबर तर नाहीच नाही. ती पोटात अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते, पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? मी हे ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यातल्या कितीतरी जणांना हे आधी कोणी समजावून सांगितलेलं नव्हतं, डबीवर फक्त दिवसातून तीनदा लिहिलेलं. असं होऊ नये, खरंच होऊ नये.

खाण्यातला सगळा फॉस्फरस सारखा नसतो हे पण महत्त्वाचं. कडधान्यं, धान्यं, दाणे यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, आपल्या आतड्यांना तो नीट सोडवता येत नाही, साधारण निम्म्याहून कमी शोषला जातो. दूध-मांसातला त्याहून जास्त. आणि पाकिटबंद पदार्थांत टिकवायला, रंग-पोत राखायला जे फॉस्फेट मिसळतात ते जवळजवळ सगळंच, 90 टक्क्यांच्या पुढे. काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड, प्रोसेस्ड चीज, प्रोसेस्ड मांस, कितीतरी गोष्टी. पाकिटावर फॉस्फरस किती मिलिग्रॅम हे सहसा लिहिलेलंच नसतं, पण घटकांच्या यादीत फॉस्फेट किंवा फॉस्फोरिक असे शब्द किंवा 338 ते 341, 450 ते 452 असे नंबर दिसले की ओळखायचं. माझं स्पष्ट मत आहे की डाएट शीटवर डाळी बंद करायच्या आधी पाकिटं बंद करायला सांगावं. आधीच अशक्त झालेल्या माणसाचं प्रोटीन तोडून फॉस्फरस उतरवणं हा तोट्याचा सौदा आहे.

बाइंडर कुठला यावर पण बराच वाद झालाय. पूर्वी अ‍ॅल्युमिनियमचे होते, ते मेंदूत आणि हाडांत साठून भयंकर त्रास झाले म्हणून मागे पडले. मग कॅल्शियमचे आले, स्वस्त, चांगले, पण त्यातलं कॅल्शियम शरीरात जातं आणि जायला जागा नसली की धमन्यांत. 2002 च्या ट्रीट टू गोल अभ्यासात कॅल्शियमच्या बाइंडरपेक्षा सेव्हेलॅमर या कॅल्शियम नसलेल्या बाइंडरवर धमन्यांतलं कॅल्शियम हळू वाढलं, पण 2007 च्या डीकोर अभ्यासात एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या सूचना म्हणतात कॅल्शियमच्या बाइंडरचा डोस मर्यादित ठेवा. हे ऐकून काही जण कॅल्शियम हा शब्द असलेली प्रत्येक गोळी फेकून देतात, तसं करू नका, रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर तेही हृदयाला धोक्याचं असतं, आकडे बघून किडनीचे डॉक्टर ठरवतील. जपानमध्ये 2021 साली एपिसोड नावाच्या अभ्यासात डायलिसिस पेशंटचा फॉस्फरस 3.5 ते 4.5 मध्ये काटेकोर ठेवला तर हृदयातलं कॅल्शियम 5 ते 6 ठेवलेल्यांपेक्षा हळू वाढलं, हे मला आशादायक वाटतं. पण डायलिसिसच्या आधी, फॉस्फरस अजून नॉर्मल असताना बाइंडर देऊन मात्र फायदा दिसलेला नाही. 2020 च्या एका अभ्यासात लँथॅनम हा बाइंडर 96 आठवडे देऊनही धमन्यांचा कडकपणा तेवढाच वाढला.

ऑनलाइन फिरणारे "व्हिटॅमिन के2 घ्या, धमन्या साफ होतील", "मॅग्नेशियम घ्या" हे व्हिडिओ बघून खूप जण विचारतात. कल्पना चुकीची नाही, वर एमजीपीचं लिहिलंच आहे. पण किडनीच्या पेशंटवर के देऊन केलेल्या चाचण्यांत धमन्यांचा कडकपणा किंवा कॅल्शियम कमी होईल अशी आशा फळाला आलेली नाही, आणि मॅग्नेशियम स्टेज 3बी-4 च्या (किडनी बरीच खराब, पण डायलिसिस नाही अशा) पेशंटना वर्षभर देऊन 2023 मध्ये निकाल आला, हृदयातलं कॅल्शियम वाढायचं थांबलं नाही. किडनी खराब असताना मॅग्नेशियम अंगात साठून धोका होऊ शकतो तो वेगळाच. एकदा बसलेलं कॅल्शियम काढून टाकणारं औषध आजच्या घडीला नाही. ट्रान्सप्लांटनंतरही ते सहसा जात नाही, वाढायचा वेग कमी होतो.

मग जोर द्यायचा कुठे, तर अलीकडच्या बाजूला, जिथे किडनी निम्मी शाबूत आहे आणि धमन्या अजून मऊ आहेत. तिथे गेल्या काही वर्षांत खरोखर चांगल्या गोष्टी घडल्यात. ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या (मूळच्या डायबेटिसच्या), त्यांचे अभ्यास 2019 चा क्रेडेन्स, 2020 चा डापा-सीकेडी, 2023 चा एम्पा-किडनी, तिन्हीत किडनी खराब व्हायचा वेग कमी झाला, आणि हार्ट फेल्युअरसाठी या गोळ्यांचा फायदा तर आधीच माहीत होता. 2024 मध्ये फ्लो अभ्यासात डायबेटिस आणि किडनी दोन्ही असलेल्यांना सेमाग्लुटाइड हे डायबेटिसचं औषध देऊन किडनीचे मोठे बिघाड आणि किडनी किंवा हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून 24 टक्क्यांनी कमी झाले. जोडीला बीपीच्या प्रिल आणि सार्टन गटातल्या गोळ्या, स्टॅटिन, तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद. यातलं काही थेट कॅल्शियमवर मारा करत नाही, पण किडनी जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं फॉस्फेटचा भार आणि पहारेकऱ्यांचा तुटवडा लांबणीवर पडतो.

यासाठी दोन तपासण्या पुरतात, रक्तातलं क्रिएटिनिन ज्यावरून ईजीएफआर काढतात, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो म्हणजे एसीआर. पहिली सगळे करतात. दुसरी डायबेटिस आणि बीपीचे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं करत नाहीत, आणि ईजीएफआर 90 असतानाही एसीआर वाढलेला असू शकतो, तेव्हाच हृदयाचा धोका पण वाढलेला असतो. घरात कोणाला डायबेटिस, बीपी असेल तर या वर्षीचा एसीआर झालाय का विचारा. 30 च्या वर आला तर घाबरून जायचं नाही, ताप, जास्त व्यायाम, लघवीचं इन्फेक्शन यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांच्या काळात परत एकदा-दोनदा करायचा, आणि वरच राहिला तर डॉक्टरांशी किडनी आणि हृदय दोन्हीबद्दल एकत्रच बोलायचं.